आईच्या विळीचं पातं

आईच्या तेराव्याला ताईने माझ्याकडे एकच वस्तू मागितली. पाटल्या, साड्या, पोथ्या, सगळं मी आणि बायकोने हॉलमध्ये मांडून ठेवलं होतं. ताईने त्यातल्या कशालाही हात लावला नाही. "मला विळी दे," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. परतताना तिची बॅग आधीच जड झाली होती, म्हणून वर्षश्राद्धाला येईन तेव्हा नेईन असं तिनेच ठरवलं, आणि विळी इथे परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहिली.

विळी साधीच होती. लाकडी पाट, त्यावर उभं काळं पातं, टोकाला खोबरं खवायचे दाते. आई आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा दोन साड्यांत गुंडाळून ती घेऊन आली होती. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत ती पाय मोडून बसायची आणि भाजी चिरायची. धार कमी झाली की लोणच्याची बरणी उपडी करून तिचं खरखरीत बूड पात्यावर घासायची. चाळीस वर्षांच्या घासण्याने ते पातं मधोमध आत खचलं होतं.

दोन महिन्यांनी आमच्या बँकेतला एक सहकारी, मूळचा मुंबईचा, मला शनिवारी सोबत घेऊन गेला. पाया लेबारच्या आमच्या ऑफिसपासून जवळच एका औद्योगिक इमारतीच्या पाचव्या मजल्यावर हाताने चाकू बनवायचा वर्ग चालतो. हाताने काही केलं की डोकं शांत होतं, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा रात्री पुस्तकाची चार पानंही सलग वाचता येत नव्हती. मी गेलो.

शिकवणारे गृहस्थ जहाजदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले चिनी म्हातारे होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीचे आठ-दहा जण आमच्यासारखेच, बँकांतले, हिशेबनीस, आयटीतले मॅनेजर. अंगावर चामड्याचे एप्रन. प्रत्येकाच्या डाव्या हातावर केस नसलेले चट्टे होते, कारण धार लागली की नाही हे पाहायला ते स्वतःच्याच हातावरचे केस भादरत आणि फुंकर मारून जमिनीवर उडवत. मग कागद हवेत धरून कापत, त्याचे व्हिडिओ काढत. पात्याच्या पोलादाविषयी ज्या आवाजात बोलत तो आवाज मी आजवर फक्त वाईनविषयी ऐकला होता. मी एकदा विचारलं की या चाकूंनी घरी काय चिरता, तर एक जण हसून म्हणाला की घरी चिरायला हेल्पर आहे, आणि तिला या चाकूंना हात लावायची परवानगी नाही. सगळे हसले. मीही हसलो, याचीच आता जास्त शिसारी येते.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांना आईची विळी सांगितली. सांगितली म्हणजे बेतून सांगितली. फ्रिजशेजारची जागा, बरणीचं बूड, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला वाचनामुळे नीट कळतं. ग्राइंडर बंद करून सगळे ऐकत होते. शेवटी सहकारी म्हणाला, "अरे, मग ती विळी कपाटात काय सडवतोस? त्याच लोखंडाची सुरी कर. ताईला दे. पिढ्यान् पिढ्या राहील."

मला ते पटलं. ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ती खाली बसून चिरणार कशी? सुरी तिच्या रोजच्या हातात राहील. हे सगळं मी स्वतःशी इतक्या समंजसपणे मांडलं की ताईला फोन करून विचारायचं राहून गेलं. राहून गेलं हेही खरं नाही. ती नको म्हणेल हे मला माहीत होतं, आणि पुढच्या शनिवारी तिथे सगळे माझी वाट पाहत असणार होते.

पातं मी पाटावरून कापून काढलं, दाते वेगळे झाले. पाटाला तेलाचा, हळदीचा थर होता. तो पाट मी घरी आणून आमच्या ब्लॉकच्या कचऱ्याच्या शूटमध्ये, थेट तळमजल्यावर जाणाऱ्या नळीत, ढकलला. खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंतही मी तिथे थांबलो नाही.

मग पातं ग्राइंडरवर धरलं. मधला खचलेला भाग मला बेढब वाटत होता. चांगल्या सुरीची धार सरळ रेषेत हवी, म्हणून मी दोन्ही टोकं घासत घासत त्या खाचेच्या पातळीला आणली. अंकल मागून येऊन एकदा म्हणाले, फार काढतोयस, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तासाभरात रेघ सरळ झाली. सगळ्यांनी पाठ थोपटली.

शेजारच्या मशीनवर माझा सहकारी त्याच्या चाकूच्या मुठीसाठी म्हशीचं शिंग घासत होता. शिंग तापलं की त्याला जळत्या केसांचा वास येतो. तोंडावर मास्क होता, तरी तो वास आत आलाच. दहनगृहात आईला आत सोडलं तेव्हा काचेपलीकडून काहीही वास आला नव्हता. सगळं स्वच्छ, वातानुकूलित होतं. तो वास मला इथे, शनिवारच्या छंदवर्गात मिळाला. कुणीतरी इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणालं, "बार्बेक्यू लाह," आणि पुन्हा हसू झालं. मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो, चूळ भरली आणि परत येऊन काम सुरू केलं.

शेवटच्या शनिवारी पात्याला पाणी द्यायचं होतं. अंकलनी ते भट्टीत लाल करून तेलात बुडवलं, पुसलं आणि कडेवर कानस ओढली. पोलाद कडक झालं असेल तर कानस नुसती घसरते. ती घसरली नाही. लोखंडात रुतली आणि भुगा खाली पडला. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी ओढून पाहिली. तिथेही तेच.

त्यांनी मला बाजूला नेऊन शांतपणे समजावलं. जुने लोहार सगळं पातं पोलादाचं करत नसत. अंग मऊ लोखंडाचं, आणि धारेपाशी तेवढी पोलादाची पट्टी जोडलेली. ती पट्टी वापरून वापरून उरली होती थोडीशी, कडेला. ती मी पहिल्याच तासात घासून काढली होती.

"धिस वन कॅनॉट कट एनीथिंग आलरेडी," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी कपाटातून स्वतःचं एक तयार पातं काढलं. जपानी पोलादाचं, साधारण तेवढ्याच लांबीचं. याला मूठ बसव, म्हणाले. सहकाऱ्याने मला कोपराने ढोसलं. ताईला काय कळणार आहे, भावना महत्त्वाची, असं तो मराठीत म्हणाला, म्हणजे अंकलना कळू नये.

मी मूठ बसवली. पात्यावर लेझरने आईचं नाव कोरून घेतलं. विळीच्या पात्याची उरलेली मऊ लोखंडाची पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून दाराजवळच्या चपलांच्या कपाटात ठेवली, आणि ताई येईपर्यंतचे महिने रोज त्या पट्टीच्या शेजारून बूट काढून घालत राहिलो.

ताई वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आली. जेवणं झाल्यावर मी डबी तिच्यापुढे ठेवली आणि विळीची सुरी केली म्हणून सांगितलं. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग तिने सुरी उचलली, नावावरून अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरले. "वजन तेच आहे रे," ती म्हणाली. "हातात घेतलं की कळतं." आणि सुरी कपाळाला लावून ती आईच्या फोटोसमोर ठेवायला उठली.

त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली तिच्यापुढे त्या वर्गातली सगळी माणसं मला सज्जन वाटली.

"ताई, तिथे नको ठेवूस," मी म्हणालो. "ती आईची नाही."

मी सगळं सांगितलं. या वेळी बेतून सांगता आलं नाही. ती उभ्यानेच ऐकत होती. पाट कुठाय, असं तिने विचारलं. टाकला, म्हटलं. का, तर मी तिच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं.

"गुडघे माझे आहेत," ताई म्हणाली. "घरी मी ओट्यावर ठेवून चिरते विळीवर, तीन वर्षं झाली. तू एकदा विचारायचंस."

मग तिने सुरी डबीत ठेवली आणि डबी माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी श्राद्धाची भाजी तिने बायकोच्या नेहमीच्या सुपरमार्केटमधल्या सुरीने चिरली. माझ्याशी ती कामापुरतं बोलली.

निघायच्या सकाळी तिने ते लोखंड मागितलं. मी वर्तमानपत्राची गुंडाळी आणून दिली. तिने ती सोडली.

"हे तरी तेच आहे, की हेही बदललंस?"

"तेच आहे," मी म्हणालो.

तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. खिडकीच्या उजेडात पट्टी धरून तिने दोन्ही बाजू पाहिल्या. मी सरळ केलेल्या कडेला ती काही शोधत राहिली, तिथे काही नव्हतं. मग पट्टी उलटी करून पाठीवरून बोट फिरवलं. पाठीला मी हात लावलेला नव्हता. तिथे काळा, खडबडीत थर तसाच होता. एका जागी तिचं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. तिथे काय होतं ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. तिने पट्टी पुन्हा गुंडाळली, बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवली, आणि मी पुढे व्हायच्या आत चेन स्वतःच लावली.