बाग विद्रूप करणारी पट्टी

मंडळी, आज दुपारी बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीमागचा माळ पेटला. आग कुंपणापाशी आली आणि तिथंच विझली, कारण पुढं जळायला गवतच नव्हतं.

कुंपणालगतच्या गवताची दहा हात रुंद पट्टी मीच गेल्या आठवड्यात माळ्याकडून खरवडून घेतली होती. त्यावर सेक्रेटरींनी माझ्या नावानं बोर्डावर नोटीस लावली, "बाग विद्रूप केली."

हे मी आईकडून शिकले. साठच्या दशकात आमचं घर असंच बेंगळुरूबाहेर, माळाच्या कडेला होतं. संक्रांत झाली की आई घराभोवतीचं गवत खरवडायची. पिंपात गोणपाटं भिजत ठेवायची. शेजारी हसायचे.

एका उन्हाळ्यात माळ पेटला. शेजारी ओरडले, "अक्का, पळा!"

आई म्हणाली, "मी नाही पळणार. पळायचं तर आगीनं पळावं."

आग पट्टीपाशी अडली. उडून येणाऱ्या ठिणग्या आम्ही मायलेकींनी ओल्या गोणपाटांनी झोडपल्या. घर वाचलं.

आज संध्याकाळी सेक्रेटरी आले. "आजी, नोटीस मागं घेतो."

म्हटलं, "अजिबात नको. बोर्डावरच राहू दे. पुढच्या संक्रांतीनंतर मी पुन्हा खरवडणार आहे, तेव्हा नवी लिहायचा त्रास नको."

तुमच्या कुंपणामागं काय वाळतंय, बघितलंत का?