मॅडमच्या गच्चीवरून दिसणारे गाव

वानखेडे मॅडम जांबे गावात आमच्या इमारतीत राहायला आल्या, त्या दिवशी त्यांच्या सामानात एक सुटकेस, एक पाण्याचा माठ आणि सुतळीने बांधलेले कागदांचे तीन गठ्ठे होते. बारा खोल्यांचा मालक असल्याचा थोडा ताठा तेव्हा माझ्या अंगात होता. मी म्हणालो, "मॅडम, रद्दीवाला मंगळवारी येतो. तवर गठ्ठे जिन्याखाली ऱ्हाऊ द्या." त्या अजिबात रागावल्या नाहीत. "काका, ही रद्दी नाही ना जी, ही माझी शाळा आहे," एवढेच बोलल्या आणि गठ्ठे स्वतःच्या हातांनी तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या.

या महिन्यात मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कंपनीतले शिकलेसवरलेले लोक लिहिणार आहेतच. गच्चीवरच्या वर्गातर्फे कोणी लिहायचे, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. गावच्या उत्सवाची निमंत्रणपत्रिका दरवर्षी मी लिहितो, एवढीच माझी लेखक म्हणून पुण्याई. तेव्हा चूकभूल वाचकांनी पोटात घालावी.

मॅडम मूळच्या अमरावतीकडच्या. वडील तालुक्याच्या वाचनालयात शिपाई होते. वाचनालयातून बाद झालेली इंग्रजी मासिके ते घरी आणत आणि लहानग्या मॅडम त्यांतले फक्त खेड्यापाड्यांवरचे लेख कापून ठेवत. का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "बाकीच्या लेखांत मला ना शब्द कळायचा, ना वस्तू. या लेखांत गाय होती, विहीर होती, पेंढा होता. वस्तू ओळखीची होती, नाव तेवढं शिकायचं होतं." त्याच कात्रणांवर त्या इंग्रजी शिकल्या आणि पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेले इंग्रजी तपासायच्या हुद्द्यापर्यंत पोचल्या.

आमच्या वर्गाची सुरुवात माझ्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कुसुमने केली. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलेय ते विचारायला ती दर दोन दिवसांनी मॅडमच्या दाराशी जायची. मॅडमनी चार वेळा सांगितले आणि पाचव्यांदा तिच्या हातात पेन्सिल दिली. मग कुसुमबरोबर आमची पारूआत्या गेली, आत्याबरोबर शेजारचे दोघे-तिघे गेले आणि घर खायला उठले म्हणून मीही गेलो. रविवारी सकाळी सातला पाण्याच्या टाकीशेजारी सतरंजी पडू लागली. आम्ही सगळे खोल्या भाड्याने देणारे. भाडेकरूबाई शिकवताहेत आणि मालक पाटीवर गिरवताहेत, हे दृश्य बघून समोरच्या इमारतीतली पोरे फोटो काढायची.

मॅडमची रीत अशी. आधी त्या लेख एकदा वाचून दाखवायच्या आणि आम्ही डोळे मिटून ऐकायचे. अर्थ विचारायचा नाही. मग डोळे उघडून कोणाला काय दिसले ते मराठीत सांगायचे. त्यानंतर दहा शब्द. पण ती वस्तू आपण कुठे पाहिली आहे हे सांगितल्याशिवाय शब्द वहीत उतरवायला परवानगी नसे. पारूआत्याला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक लेख मॅडम जाड पेनाने मोठमोठ्या अक्षरांत स्वतः उतरवून आणत. दिवसभर कंपनीत पडद्याकडे बघून डोळे लाल झालेले असायचे, तरी आत्याचा कागद कधी चुकला नाही. मात्र सात वाजून पाच मिनिटांनी येणाऱ्याला त्या उभे ठेवायच्या. मालक असलो तरी मीसुद्धा उभा राहिलो आहे.

त्या सकाळी आठवल्या की अजून मन कुठल्या कुठे जाते. हिवाळ्यात धुके एवढे दाटायचे की शेजारचे टॉवर नाहीसे व्हायचे. मॅडमचा आवाज हळू, थोडा खालच्या पट्टीतला. त्या गवत कापणाऱ्यांविषयी वाचत असायच्या, कुठल्याशा थंड मुलुखातल्या, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे आमचे भाताचे खाचर येऊन उभे राहायचे. बांधावरचे ओले गवत, पायाखाली मऊ चिखल, आंबेमोहराचा घमघमाट. डोळे उघडले की टाकी, सतरंजी आणि सिमेंट.

लेख निरनिराळ्या मासिकांतले, निरनिराळ्या देशांतलेही असतील. आम्ही मात्र सगळ्यांचे मिळून एकच गाव करून टाकले. त्याला आम्ही 'तिकडचं गाव' म्हणायचो. बर्फात कोंबड्या सांभाळणारी म्हातारी, नालबंद, मेंढ्यांचा कुत्रा, सगळे तिथलेच रहिवासी. आठवडाभर आमच्या बोलण्यात ते गाव असे. एकदा इथे थंडी पडली तर कुसुम भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "त्या म्हातारीच्या कोंबड्यांचं काय झालं असंल वो?" पारूआत्या तर ते गाव ताम्हिणीच्या घाटापलीकडे कुठेतरी आहे असे धरूनच चालली होती. मॅडमनी तिला कधी खोडून काढले नाही.

आता जे लिहितो आहे ते लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारे गाव आण्णा म्हणते, ते आणि मी नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. ओढ्याकाठचे खाचर आमच्या दोघांत निम्मे निम्मे होते. माझा निम्मा भाग मी विकला आणि ही इमारत बांधली. विकले याचा आण्णांना राग नव्हता. आजूबाजूच्या सगळ्यांनीच विकले होते. मी त्यांना सांगितले नाही, हा राग होता. त्यांना कळले ते बांधावर जेसीबी आला तेव्हा. ते हातात खुरपे घेऊन माझ्या दारात आले. "दत्तू, तोंड शिवलं हुतं का तुजं?" एवढेच म्हणाले आणि गेले. त्यानंतर लग्नकार्यात एका पंगतीला बसलो तरी मधे चार माणसे असत. मला रोज वाटायचे, उद्या जाऊन पाय धरावेत. पण उद्या उजाडला की पाय जड व्हायचे. आण्णा सत्तरीला आलेले. मनात एकच भीती होती, की दोघांपैकी एक जण असाच मुक्याने निघून जाईल.

आण्णांनी आपला भाग राखला, म्हशी ठेवल्या. मॅडमना दूध तेच घालत, पण फाटकाशीच; मॅडम खाली उतरून घेत. एके दिवशी मॅडमनी त्यांना गळ घातली, की लेखात लोणी काढण्याचे वर्णन आहे, तुम्ही येऊन वर्गाला समजावून द्या. आण्णा म्हणाले, "मी त्या जिन्यावर पाय ठेवणार न्हाई." मॅडम म्हणाल्या, "आण्णा, गच्ची माझ्या भाड्यात धरलेली आहे. तुम्ही माझ्याकडे येताय. आणि बाहेरचा लोखंडी जिना आहे ना जी, तो कोणाच्या दारावरून जात नाही." भाड्यात गच्ची धरलेली नव्हती. पण दाराआडून हे ऐकूनही मी मधे बोललो नाही.

आण्णा आले, लोण्याचे सांगितले आणि पुढच्या रविवारीही आले. "दूध काढाया तितं बी पहाटंच उठत्यात व्हय?" असे म्हणून ते त्या गावात रमले. आणि मग मॅडमनी जोड्या लावल्या. लेखाखालचे प्रश्न एकाने विचारायचे, दुसऱ्याने इंग्रजीतच उत्तर द्यायचे, तेही तोंडाकडे बघून. माझी जोडी आण्णांशी लागली. आण्णांनी कागद नाकापर्यंत वर धरला आणि नऊ वर्षांनंतर माझा भाऊ माझ्याशी पहिले वाक्य बोलला, "व्हेअर इज द काऊ?"

मी म्हणालो, "द काऊ इज इन द शेड."

त्यांनी मान डोलावली. वर्ग सुटल्यावर पुन्हा अबोला. पारूआत्याने निवाडाच देऊन टाकला, "इंग्रजीत बोलल्यानं अबोला मोडत न्हाई." ही पळवाट आम्हा दोघांनाही सोयीची होती. आठवडाभर आम्ही मुके आणि रविवारी घोडा, कुंपण, पाऊस, पीक यांची एकमेकांकडे बारकाईने चौकशी करत असू. हळूहळू कागद नाकावरून हनुवटीवर आला. एकदा रस्त्यात दुधाची किटली घेऊन जाताना ते समोर बघतच "गुड मॉर्निंग" म्हणाले. मी दिवसभर ते कुसुमला सांगत होतो.

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, असे मॅडमचे म्हणणे. कुसुम म्हणते, सगळे तिने आधीच मॅडमना सांगितले होते. मी खोलात गेलो नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. त्या रविवारचा लेख मधमाश्यांवर होता. तिकडच्या गावात अशी चाल, की घरात काहीही घडले, कोणी गेले, कोणाचे लग्न ठरले, शेत विकले, तर घरधन्याने पोळ्याच्या पेट्यांपाशी जायचे, हलकेच टिचकी मारायची आणि मधमाश्यांना सांगायचे. न सांगितले तर त्या घर सोडून जातात. पारूआत्या हसली, "माश्यांना काय सांगायचं? आग्या मोहळाला टिचकी मार, मंग कळंल." सगळे हसले. मला हसू आले नाही.

प्रश्नांची पाळी आली. आण्णांनी वाचले, "व्हाय डिड द फार्मर टेल द बीज?"

उत्तर लेखात होते. मी म्हणालो, "बिकॉज द बीज आर फॅमिली."

आण्णांनी कागद मांडीवर ठेवला. पुढचा प्रश्न कागदावर नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "अँड मी?"

दोन शब्द. गच्चीवर वारा होता, कोणाच्या तरी वहीची पाने फडफडत होती. माझ्या वहीत एवढे शब्द साठलेले, त्यातला एकही वर येईना. शेवटी मराठीतच म्हणालो, "भ्यालो, आण्णा. तुमी नगं म्हनाल म्हनून भ्यालो. तुमी नगं म्हनला असता तर मला इकता आलं नसतं."

"मी नगं म्हनलो नसतो," आण्णा म्हणाले. "तुजं गुडघं गेल्यालं मला दिसत न्हवतं व्हय? एकदा पानी भरून बघितलं असतं दोघांनी मिळून त्या खाचरात. शेवटचं. तेवढंच हुतं माजं."

मला रडू आवरले नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सगळ्या वर्गाच्या देखत.

आमच्या एकेका क्रियापदासाठी अडून बसणाऱ्या मॅडमनी त्या दिवशी कोणाचेही काही दुरुस्त केले नाही. त्या उठल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "चला, चहा माझ्या खोलीत घेऊ." पारूआत्याला हाताला धरून त्या खाली उतरल्या आणि गच्चीचे दार बाहेरून हलकेच लोटून घेतले. आम्ही दोघे किती वेळ तिथे बसलो होतो ते मला सांगता यायचे नाही. बोललो फार नाही. कठड्यापाशी उभे राहून आण्णांनी टॉवरच्या पायथ्याकडे हात केला, म्हणाले, "हितनं पाट यायचा." मी म्हणालो, "न्हाई, जरा पल्याड." त्यावर आमचे भांडण झाले, अगदी पूर्वीसारखे, आणि मला आत खूप स्वस्थ वाटले.

तेव्हापासून घरात काही घडले की मी आधी आण्णांकडे जातो. नातीला दात आला, गाडी पंक्चर झाली, डॉक्टरांनी मीठ बंद केले, सगळे सांगतो. ते म्हशीच्या अंगावरून हात फिरवत ऐकतात. कधी "बरं" म्हणतात, कधी तेही नाही.

मॅडमविषयी आणखी पुष्कळ लिहिता येईल. त्यांचे अमरावतीकडचे भाऊ त्यांना आता परत या म्हणताहेत, असे ऐकतो. त्यांनी कुठे राहायचे हा त्यांचा अधिकार. पण जिथे राहतील तिथे त्यांचे डोळे स्वच्छ राहोत, आवाज असाच खालच्या पट्टीत राहो, आणि त्यांना ऐकायला डोळे मिटून बसणारी माणसे शंभर वर्षे मिळोत, हीच आम्हा सगळ्यांची ग्रामदेवतेजवळ मागणी.

हा लेख देण्यापूर्वी मी काल गोठ्यात बसून आण्णांना वाचून दाखवला. खाचर विकल्याचा भाग आला तेव्हा मी थांबलो. म्हणालो, हे काढून टाकू का? त्यांनी धार काढायचे थांबवले नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खरं हाय त्ये." लेख संपला. मी कागदाची घडी घालू लागलो तेव्हा त्यांनी हात पुसले आणि पेन मागितले. वाटणीच्या कागदानंतर आम्हा दोघांची नावे एका कागदावर आलेली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, जागा शोधली आणि माझ्या नावाच्या वर, थोरल्याच्या मानाने, आपले नाव लिहिले.