मार म्हणजे हिंसा नाही, असं मी लिहिलं होतं

मॅडमनी माझा फॉर्म वर्गासमोर वाचला. त्यावर नाव नव्हतं. पण हिरव्या शाईचं पेन वर्गात फक्त माझ्याकडं होतं.

"पट्ट्यानं मारणे, हिंसा नाही. केस धरून ओढणे, हिंसा नाही. कोंडून ठेवणे, हिंसा नाही." मॅडम थांबल्या. "बघा. यांच्याकडं हे सगळं चालतं."

वर्ग हसला. मागून एकजण ओरडला, "हिच्या घरी बारा महिने दिवाळी. रोज फटाके!"

नववी. पुंडलिकनगरजवळची इंग्रजी शाळा. मी आरटीईच्या जागेवर, म्हणजे फी माफ. एक संशोधक ताई दहा ओळींचा फॉर्म देऊन गेली होती. यातलं काय तुम्हाला हिंसा वाटतं? बाकावर शेजारी बसणारी मुलगी डॉक्टरांची. तिनं 'आवाज चढवणे' यापुढंही 'होय' लिहिलं. मला हसू आलं होतं. आमच्या गल्लीत सगळे आवाज चढवूनच बोलतात.

हिंसा म्हणजे बातम्यांतली. दगडफेक, जाळपोळ, क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या. घरात असतो तो मार. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

हसणं थांबेना. कान तापले. पट्टा पडल्यावर तापतात, अगदी तसेच.

तेव्हा कळलं.

उठले. "मॅडम, फॉर्म द्या."

"आता बदलणार?"

"व्हय."

तिन्ही 'नाही' खोडले. खाली अकरावी ओळ लिहिली: 'एखाद्याचं घर वर्गात वाचून हसवणे.' पुढं 'होय'.

मॅडमनी वाचलं. "हा जाणार नाही. कोरा घे, नीट भर."

"नाय मॅडम. हाच जाईल." मी फॉर्म परत घेऊन दप्तरात घातला.

दुसऱ्या दिवशी ताई गठ्ठा न्यायला आली. गेटवर माझा फॉर्म मीच तिच्या हातात दिला. दुपारी मॅडमनी आईला बोलावलं. "मुलगी उद्धट झालीय."

घरी पोचताच आईनं हात उगारला. मी मनगट धरलं.

"लई शिकलीस व्हय गं?"

"व्हय. पप्पा आले की सांगणार. आजपासून या घरात हात उचलायचा नाय. माझ्यावर नाय. तुझ्यावर बी नाय."

"अगं, जीव घेतील तुझा."

मनगट सोडलं आणि दारात जाऊन उभी राहिले. पप्पा यायची वेळ झाली होती.