विजूची शेवटची ओव्हर

परळच्या हॉस्पिटलात शेजारच्या बाकावरच्या बाईंनी गुडघ्याला बाम चोळला आणि त्या वासाने मी थेट टेनिस बॉल क्रिकेटच्या त्या जुन्या फायनलला पोहोचलो. मी कॅप्टन होतो. धाकटा भाऊ विजू आमचा शेवटच्या ओव्हरसाठी राखून ठेवलेला बॉलर. सहा रन वाचवायचे होते. त्याच्या खांद्याला बामचा भपकारा येत होता. "दादा, आज नको रे," तो हळूच म्हणाला. अख्खी चाळ त्याच्या नावाने ओरडत होती. मी म्हटलं, "सहाच बॉल आहेत. टाक."

जिंकल्यावर आम्ही त्याला उचलून नाचवलं.

खांदा तपासून घेऊन विजू डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला. मी त्याचा उजवा हात धरून शर्टाच्या बाहीत घातला. "दादा, तो शेवटचा यॉर्कर आठवतोय?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. मला त्याचं ते 'नको' ऐकू येत होतं.