आयर्लंडला नको म्हटलं त्याची गोष्ट

आयर्लंड एक आहे की दोन, यावरून आमच्या घरात एका रविवारी पोह्यांच्या वेळी भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, बेट एक आणि देश दोन. माझं म्हणणं, मग आपण जातोय तो त्यातला कुठला? ह्यांनी चमचा खाली ठेवला आणि ढ मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. उभी हयात मी शाळेत गणित शिकवलंय, माझ्याकडे कोणी असं बघायची मला सवय नाही.

"वरचा तुकडा ब्रिटनचा. खालचा त्यांचा स्वतःचा. आपण खालच्यात."

"आणि मधे काय? फाटक?"

"काही नाही. रस्ता आहे."

"मग देश बदलला हे कळणार कसं?"

"पाट्यांवर मैलांचे किलोमीटर झाले की समजायचं," हे म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले. माझं डोकं मात्र भंजाळलं ते भंजाळलंच.

आमचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. सून मूळची आयरिश, पण लहानाची मोठी झाली इंग्लंडात. तिचे आईवडील निवृत्त झाल्यावर आयर्लंडमधल्या आपल्या गावी परत गेले. एक नात, पाच वर्षांची. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे जाणार होतो, आणि तो फोनवर सहज बोलून गेला होता की मधल्या एका आठवड्यात आयर्लंडला जायचं घाटतंय, गाडीने.

"गाडीने? अरे, मधे समुद्र आहे ना?"

"गाडी बोटीत घालायची, आई."

झालं! हे सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. एवढं निमित्त त्यांना पुरे होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी इंग्लंड काढलं, वेल्स काढलं, आयर्लंड काढलं. रस्ता लाल, पाणी निळं. तो नकाशा आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या कडेला मॅग्नेटने लागला, आणि दूध काढायला गेलं की मला रोज वेल्सला वळसा घालावा लागायला लागला. व्हिसाचं तर विचारूच नका. ब्रिटनचा व्हिसा आयर्लंडला चालतो असं एकजण सांगे, चालत नाही असं दुसरा सांगे, आणि त्यावर एक खास शेरा असला तर चालतो असं हे वाचून सांगत. शेरा कुठे मारतात, कोण मारतं, विचारलं की म्हणत, "कळेल." कोणाला कळेल, ते नाही सांगायचे.

गाडी बोटीत घालणं आम्हाला नवं नव्हतं. मुलगा लहान असताना दाभोळच्या खाडीत आम्ही आमची जुनी गाडी बोटीवर चढवली होती. मी काही खाली उतरले नाही. काचा बंद करून, पोराला मांडीवर घट्ट धरून, आतच बसून राहिले होते.

"तिथे तसं बसता येणार नाही हं," हे म्हणाले. "गाडी खाली ठेवायची आणि आपण वर जायचं. तीनेक तास."

"आणि गाडी खाली एकटीच?"

"तिला सोबत कोण हवंय?"

असे आमचे संवाद. चेष्टा करा, पण मला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. मुलाचं लग्न झालं तेव्हा विमानं बंद होती. सगळं लग्न आम्ही इथे बसून लॅपटॉपवर पाहिलं. मी कमरेच्या वर पैठणी आणि खाली गाऊन, कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं म्हणून. पडद्याच्या एका चौकोनात मी डोळे पुसत होते आणि शेजारच्या चौकोनात विहीणबाई. एवढीच आमची भेट. पुढे एकदा फोनवर बोलणं झालं तेव्हा मी त्यांना म्हटलंही होतं, एकदा या पुण्याला. त्या म्हणाल्या, "नको हो, तुम्हाला कशाला उगाच त्रास." मला वाटलं, लांबचा प्रवास, नसेल झेपत. विषय तिथेच संपला.

पण नात फोनवर आली की तिकडच्या आजीचंच कौतुक. तिकडच्या आजीच्या कोंबड्या, तिकडच्या आजीचा पाव, तिकडच्या आजीच्या ओट्यावर बसून खाल्लेला जॅम. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं माझ्या. त्या बाईच्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन बसायचं होतं मला. बघायचं होतं की माझं लेकरू कुठल्या घरचा जावई झालंय.

एका शनिवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. हे खुर्चीत, मी भाजी निवडत.

"आई, बोटीचं बुकिंग करतोय आज. गाडीत माणसं किती ते भरावं लागतं. तुम्ही दोघं येणार, की इथेच घरी आराम करणार?"

आता बघा, माझ्या तोंडून काय निघालं ते. "छे रे! आम्ही कशाला मधे मधे? तुम्ही तिघं जाऊन या."

माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. तो म्हणणार, असं काय करतेस आई. मी म्हणणार, गाडीत दाटी होईल. तो म्हणणार, होऊ दे. मी म्हणणार, बाबांचे गुडघे. तो म्हणणार, बाबांना पुढे बसवू. मग मी सुस्कारा टाकून म्हणणार, बरं बाबा, एवढं म्हणताय तर येते.

तो म्हणाला, "ओके आई."

आणि गवारीचा भाव विचारून त्याने फोन ठेवला. मी हातात शेंग घेऊन बसलेच.

"अहो, हा 'ओके' म्हणाला!"

"ऐकलं मी."

"मग तुम्ही का नाही बोललात? तुम्हाला जायचं नव्हतं?"

"तू नाही म्हणालीस ना."

"मी नाही म्हणाले म्हणून काय झालं!"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही म्हणजे नाही, असं मी समजत आलोय. चाळीसेक वर्षं."

कपाळ माझं! पण चूक त्यांची नव्हती, चूक नारायण पेठेची होती. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की वाढायला सुरुवात करायची. नको म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि वाढणं हे आपलं, त्यात कोणी कोणाचं ऐकायचं नसतं. लग्न होऊन नारायण पेठेत सासरी आले, पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, "आणखी पोळी?" मी रीतीप्रमाणे लाजून म्हटलं, "नको." त्या म्हणाल्या, "बरं." आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण लागलं. टप्पकन. दुपारपर्यंत माझ्या पोटात कावळे कोकलत होते. सासूबाई वाईट नव्हत्या हो, अगदी सरळ बाई. त्यांना खरंच वाटलं की माझं पोट भरलं.

हळूहळू मीही शिकले. दुसऱ्याने नको म्हटलं की झाकण लावायला शिकले. पण स्वतः नको म्हणताना मात्र मी कोल्हापूरचीच राहिले. आणि मुलगा? तो जन्मला नारायण पेठेत, वाढला कर्वेनगरात आणि नोकरीला गेला साहेबाच्या देशात. त्याच्याकडून दुसऱ्यांदा विचारण्याची आशा मी कुठल्या तोंडाने करत होते, देव जाणे.

तरी केली. पुढचे दिवस मी त्याला आडून आडून खूप सुचवलं.

"तिकडे आयर्लंडात थंडी असेल ना रे? जाड स्वेटर लागेल?"

"तुम्ही नाही ना येणार, आई. बर्मिंगहॅमला पातळ चालेल."

"बोटीत उलट्या होतात का रे माणसांना?"

"तू कशाला टेन्शन घेतेस? तू घरी असणार."

बेसनाचे लाडू वळायला घेतले, विहिणीला पाठवायचे म्हणून. "जाऊ देत लाडू तरी," मी मोठ्याने म्हटलं. ह्यांनी पेपरमधून मान वर काढली नाही. सगळा वैताग आला होता मला. कोणावर चिडावं तेच कळत नव्हतं. मुलावर? त्याने विचारलं होतं. ह्यांच्यावर? त्यांनी ऐकलं होतं. माझ्यावर? मी तर रीतच पाळली होती!

मग एका सकाळी दूध काढायला गेले तर फ्रिजची कड मोकळी. नुसता मॅग्नेट. नकाशा ह्यांनी घडी घालून कपाटात ठेवला होता. मी कपाट उघडून बघितला. लाल रस्त्यावर वेल्समध्ये एका ठिकाणी त्यांनी छोटीशी कपबशी काढली होती, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे हिला चहा.' हा माणूस तोंडाने कधी काही मागायचा नाही. माझ्या एका नकोने मी त्याचंही ताट उचललं होतं.

"अहो, तुम्ही सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"नाही तू म्हणालीस. दुरुस्ती तू कर."

"मी कसं सांगू? आधी नको म्हणून आता घुसायचं?"

"मग राहू दे," हे म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

फोन मी दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. 'मला यायचंय' एवढंच तर म्हणायचं होतं. जीभच वळेना. असं सरळ मागून घेतलंय कधी मी? आठवेना.

पुढच्या रविवारी मुलाचा कॉल आला तर पडद्यावर मधोमध विहीणबाई! चार दिवसांसाठी लेकीकडे आल्या होत्या. गुलाबी गाल, पांढरे केस, मांडीवर आमची नात. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळतं, उरलेलं सून सावकाश सांगते. हे पाठीमागे खुर्चीत येऊन बसले.

"जूनमध्ये भेटतोय तर आपण," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी वरची खोली लावून ठेवली आहे. खिडकीतून कोंबड्या दिसतात."

मी मुलाकडे बघितलं. मुलाने माझ्याकडे. "नाही, म्हणजे, आई-बाबा येत नाहीयेत," तो म्हणाला. "मी विचारलं होतं. आई नको म्हणाली."

"हो हो," मी घाईने म्हटलं. "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

विहीणबाईंनी मान वळवून माझ्या मुलाला विचारलं, "कितीदा विचारलंस तिला?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

"एकदा!" त्यांनी त्याच्या दंडावर अशी चापट मारली की नात खिदळली. "एकदा विचारलं म्हणजे विचारलं होय? आमच्या गावात पहिल्या खेपेला चहाला हो म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तिसऱ्या खेपेला कुठे कप हातात घेतात. विचार परत!"

सून हसत हसत सांगत होती, पण मला सांगायची गरजच नव्हती. मला शब्द न् शब्द कळला.

"आई, येतेस का?" मुलगा बिचारा गोंधळून म्हणाला.

"अरे, गाडीत दाटी होईल."

"परत," विहीणबाई म्हणाल्या.

"आई, दाटी झाली तरी चालेल. येतेस का?"

आता हे दुसरं की तिसरं? आधीचं धरायचं की नाही? गणिताची बाई मी, पण त्या घडीला मला एक, दोन, तीन मोजता येईना. पाठीमागे ह्यांची खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

"मला यायचंय रे," मी म्हटलं. "पहिल्यापासूनच यायचं होतं. बाबांनाही."

"मग नको का म्हणालीस?"

"गप बस आणि तिकीट बदल," मी म्हटलं, आणि शेवटी रडलेच.

तो तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून बसला. जागा आहे म्हणाला. पाच माणसं म्हणाला. आणि हे? हे उठून आत गेले. कपाटाचं दार वाजलं, मग फ्रिजवर मॅग्नेट चिकटल्याचा आवाज आला. अजून परत येत नव्हते. येतील कसे, त्यांनाही डोळे पुसायचे होते.

इकडे विहीणबाई आणि मी एकमेकींकडे बघत बसलो होतो, लग्नात बसलो होतो तशाच, शेजारच्या चौकोनांत. काय बोलावं सुचेना, म्हणून मी विचारलं, "आणि तुम्ही पुण्याला कधी येताय?"

त्यांनी दोन्ही हात हलवले. "नको हो, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

अगं बाई! तेच शब्द. त्यांनी मागे हेच म्हटलं होतं, आणि मी पुण्याची होऊन झाकण लावून मोकळी झाले होते. ती बाई तेव्हापासून माझ्या दुसऱ्या खेपेची वाट बघत असणार.

मी डोळे पुसले, फोन जवळ घेतला आणि त्यांच्यासमोर एक बोट वर केलं.

"एक," मी म्हटलं.