आधी मी खातो

“दवा चालू हाय का कुणाची?” कुणी शिंकलं की चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यातले वॉचमनमामा आधी हेच विचारणार. इथं नाक गळून माणूस हैराण, आणि यांची चौकशी सुरू!

तुमच्याही ओळखीत असा चुळबुळ्या माणूस असेल. मामांना कंपनीनं स्टूल दिलं होतं, पण त्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. गेट ते पाण्याची टाकी, टाकी ते गेट. वैजापूरकडचे, मेंढरांमागं वाढलेले. पाय थांबायचेच नाहीत.

खाकी खिशात एक पुरचुंडी असायची. वारुळावरची अळंबी वाळवून कुटलेली पूड. सर्दीला चिमूटभर, कोमट पाण्यातून. डॉक्टरची दवा चालू असली तर नाय म्हणजे नाय. नसली तर चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे, मग आपल्याला.

“कुत्र्याच्या छत्र्या चारताय का मामा?” मी चिडवायचो.

“म्हणून तर आधी मी खातो!”

गुण यायचा की नाही, देव जाणे. सर्दी तशीही जातेच. पण त्यांच्या आईनं एकदा डॉक्टरच्या गोळ्यांवर हीच पूड घेतली आणि भोवळ येऊन ती चुलीपाशी कोसळली. तो धसका मामांनी कायमचा घेतला होता.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं. एका दुपारी बस बंद होणार अशी बातमी आली आणि कारखाना लवकर सुटला. त्या गर्दीत कॅन्टीनमधल्या शांताबाई शिंकत गेटवर आल्या. मामांनी घाईघाईत पुरचुंडी त्यांच्या हातात कोंबली. “नीट जा ताई,” एवढंच म्हणाले.

बाई गेल्यावर मी सहज बोललो, “त्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?”

मामांचं तोंड उतरलं. “आयला! मी इचारलंच नाय.”

दुसऱ्या वॉचमनकडं काठी दिली आणि निघाले तरातरा. मी मागं. रस्त्यात दगडांचा खच, शटरं खाली.

“मामा, उद्या जाऊ!”

“अन् आजच घेतली तर?”

शांताबाईंची वस्ती बौद्धांची. हल्ला होईल या धास्तीनं वस्तीच्या तोंडाशी माणसं पहाऱ्याला उभी होती. “कोण तुम्ही? काय काम?”

“शांताताईंच्या सर्दीचं इचारायचंय,” मामा म्हणाले. अशा वेळी सर्दी! माणसं एकमेकांकडं बघत राहिली, मग एकजण आम्हाला दारापर्यंत घेऊन गेला.

“घेतली का ताई?” मामांचा आवाज फाटला होता.

शांताबाईंनी फळीवरची पुरचुंडी काढून दाखवली. गाठ तशीच.

“कशी घेणार? तुम्ही आधी खाल्ली कुठं?”

मामा उंबऱ्यावर मटकन बसले. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

पुढं मामा गावी गेले. वारल्याचं फार उशिरा कळलं.

परवा सर्दी झाली म्हणून मुलीनं अळंबीच्या कॅप्सूलची बाटली आणली. माझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, पण दुकानात कुणी काही विचारलं नाही म्हणे. झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत घरात फेऱ्या मारत राहिलो. दार ते माठ, माठ ते दार.