एक पाय रिठ्याचा, एक तेलाचा

कोल्हापूरला माल पोचवून परतलेल्या दिरानं सांगितलं, "वैनी, तुमच्या मालतीबाई गेल्या की." मी हातातलं पैंजण पुरं केलं आणि मग उठले. त्याला आता काही आठवडे झाले.

मालती आणि मी कॉलेजात एका बाकावर बसलो. मी लग्न होऊन हुपरीच्या चांदीकामाच्या घरात आले, ती कोल्हापुरात प्राणिशास्त्राची प्राध्यापिका झाली. उत्तम शिकवायची म्हणतात. मी तिचा एकच तास ऐकला, आमच्या न्हाणीघराच्या दारात.

माझ्या सुमनची कातडी जन्मापासून खवल्यांची, पायांवर जास्त. सासूबाईंच्या मते तो मळ होता. त्यांनी उभा जन्म रिठ्याच्या पाण्यानं आणि ब्रशनं चांदी उजळली. तोच रिठा, तोच ब्रश त्या रोज नातीच्या पायांना लावत. खवले पडत आणि पुन्हा जास्तच जाड येत. शाळेत पोरी तिच्याजवळ बसेनात, तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला, "पाय साफ झाल्याबिगर साळा न्हाय." पाचवीतली पोर घरी बसली. माझं कुणी ऐकेना, म्हणून मालतीला बोलावलं.

ती येऊन सासूबाईंच्या शेजारी फरशीवरच बसली. "मावशी, चांदी घासली की झिजती. कातडं घासलं की वाढतंय."

"ते कसं?"

मग तिनं सांगितलं... अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या कामांच्या सूचना असतात, पण कुठली चालू आणि कुठली बंद, ते जागेवर ठरतं. कातडीच्या तळाशी वाढायची सूचना चालू असते. पेशी वर सरकली की ती बंद होते. घट्ट व्हायची, मरून गळायची सुरू होते. वरचा थर खरवडला की खाली कळतं, भिंत पडली, आणि वाढ आणखी जोरात होते. सुमनचं गळायचंच काम जन्मतः बिघडलेलं. "ते मला दुरुस्त करता येत नाही, डॉक्टरलाही नाही. पण खालच्यांना उगीच कशाला डिवचता?"

"पुस्तकातलं बोलतीस," सासूबाई म्हणाल्या.

मालती चिडली नाही. "बरं. डावा पाय तुमचा, तुम्ही घासा. उजवा माझा. त्याला ओल्या अंगावर तेल, आणि टॉवेलनं नुसतं टिपायचं. मग बघू."

"मालते, पोरीचा पाय आहे तो, तुझा बेडूक नव्हे," मी म्हटलं.

"म्हणून तर एकच मागितला."

सासूबाई हट्टी, पण कारागीर. दोन नग शेजारी ठेवून पारखायची त्यांची सवय मालतीनं बरोबर हेरली होती. रोज सकाळी त्या दोन्ही पायांवरून बोट फिरवत. एके दिवशी डाव्या पायासाठी ब्रश उचलला, उजव्याकडे पाहिलं... आणि ब्रश पैंजणांच्या टोपलीत टाकून तेलाची वाटी ओढली. त्याच आठवड्यात त्यांनीच सुमनला शाळेत धाडलं. खवले होतेच, आजही आहेत. पण भेगा नाहीत, रक्त नाही.

मालती नंतर कितीदा तरी घरी आली. "मी सांगत नव्हते?" असं सासूबाईंना एकदाही म्हणाली नाही. शहाणी माणसं मी बरीच पाहिली, एवढा संयम एकीतच पाहिला.

परवा नव्यानं घरात आलेल्या धाकट्या जावेनं विचारलं, इथं सगळेच अंग पुसायच्या ऐवजी टिपतात का?

"आमच्या घरची रीतच हाय ती," सासूबाई म्हणाल्या.

कुणी लावली, ते मी तिला सांगितलं.